डॉ. नान्सेन आणि व्होल्गाकांठचा दुष्काळ

परदेशांत भूकंप झाला, पूर आला किंवा दुष्काळ पडला, कीं इतर राष्ट्रें तेथें धान्य, औषधें, तंबू व पैसा पाठवितात. आणि पोत्यांवर आपल्या देशाचें नांव ठळक अक्षरांनीं छापावयास तीं सहसा विसरत नाहींत. वर्तमानपत्रांत ही बातमी वाचणाऱ्या चौकस विद्यार्थ्याच्या मनांत एक प्रश्न उभा राहतोच. ही खरी भूतदया, कीं आवळा देऊन कोहळा काढण्याचा व्यवहार? माणूस माणसाला निरपेक्ष बुद्धीनें देऊं शकतो, हें आपण घरोघरीं पाहतों. राष्ट्र राष्ट्राला तसें देऊं शकतें काय? या प्रश्नाचें उत्तर नुसत्या तर्कानें शोधीत बसण्यापेक्षां, ज्यानें तो प्रश्न मुत्सद्द्यांच्या सभेंत आणि भुकेल्यांच्या झोपडींत अशा दोन्ही ठिकाणीं प्रत्यक्ष भोगला, त्याच्या चरित्रांत तें शोधणें बरें. तो पुरुष म्हणजे नॉर्वे देशाचा फ्रिट्यॉफ नान्सेन.

नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजीं, आज ज्याला ऑस्लो म्हणतात त्या ख्रिश्चियानिया शहराजवळ झाला. वडील वकील, स्वभावानें शिस्तीचे व धर्मशील. आई मोकळ्या हवेची आणि बर्फावर घसरत जाण्याच्या खेळाची शौकीन. मुलानें दोघांचेही गुण घेतले. विश्वविद्यालयांत त्यानें प्राणिशास्त्र हा विषय निवडला. १८८२ सालीं सीलची शिकार करणाऱ्या एका जहाजावरून तो उत्तर समुद्रांत गेला, आणि परत येतांच बर्गेन येथील संग्रहालयांत त्याला नोकरी मिळाली. तेथें सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यानें क्षुद्र प्राण्यांच्या मज्जातंतूंचा इतका बारकाईनें अभ्यास केला कीं त्याच विषयावर १८८८ सालीं त्याला डॉक्टर ही पदवी मिळाली. पदवीचा निकाल हातीं पडतो न पडतो तोंच स्वारी ग्रीनलंडच्या मोहिमेवर निघाली.

ग्रीनलंडच्या अंतर्भागांतील बर्फाचें पठार त्या वेळेपर्यंत कोणीही आरपार ओलांडलें नव्हतें. पश्चिम किनाऱ्यावर वस्ती, पूर्व किनारा बहुतेक ओसाड. पूर्वीचे प्रवासी वस्तीकडून निघत, संकट आलें कीं मागें वळत. नान्सेननें उलट केलें. पांच सोबत्यांसह तो ओसाड किनाऱ्यावर उतरला, म्हणजे जगावयाचें तर पुढेंच गेलें पाहिजे. सिंहगडावर दोर कापून टाकणाऱ्या सूर्याजीची आठवण मराठी वाचकास येथें झाल्यावांचून राहणार नाहीं. ऑक्टोबरांत ही मंडळी पश्चिमेकडील गॉटहॉब या गांवीं पोंचली. शेवटचें जहाज निघून गेलें होतें. म्हणून हिंवाळा एस्किमो लोकांत राहून, त्यांची भाषा व राहणी शिकून, १८८९ सालीं ती मायदेशीं परतली.

पुढची मोहीम याहून धाडसाची. सायबीरियाच्या उत्तरेस १८८१ सालीं बर्फांत चिरडून बुडालेल्या जेनेट नांवाच्या जहाजाचे अवशेष तीन वर्षांनंतर ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर सांपडले होते. यावरून नान्सेननें ताडलें कीं ध्रुवसमुद्रांतील बर्फ एका दिशेनें वाहत असलें पाहिजे. मग बर्फाशीं झगडावें कशाला? त्याच्याच पाठीवर बसून कां जाऊं नये? कॉलिन आर्चर या कारागिराकडून त्यानें फ्राम हें जहाज बांधून घेतलें. त्याची बूड अशी गोलट होती कीं बर्फानें दाबतांच जहाज चिरडण्याऐवजीं वर उचललें जावें. अनुभवी दर्यावर्द्यांनीं या कल्पनेची थट्टा केली. पण १८९३ सालीं निघालेलें फ्राम तीन वर्षें बर्फाबरोबर वाहत जाऊन १८९६ सालीं सुखरूप बाहेर आलें. दरम्यान नान्सेन व त्याचा सोबती योहान्सेन हे जहाज सोडून कुत्र्यांच्या गाड्यांनीं ध्रुवाकडे निघाले होते. ८६ अंश १४ कला उत्तर अक्षांशापर्यंत ते गेले. तोंपर्यंत इतक्या उत्तरेस मनुष्याचें पाऊल पडलें नव्हतें. परततांना दगड व वॉलरसचें कातडें यांच्या झोपडींत अस्वलाचें मांस खाऊन त्यांनीं एक हिंवाळा काढला.

मुलांना नान्सेनचें नांव ठाऊक असतें तें या बर्फांतल्या पराक्रमामुळें. परंतु त्याच्या आयुष्याचा जो भाग आपल्या प्रश्नाशीं संबद्ध आहे तो पुढेंच आहे, आणि तो अधिक मोठा आहे असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

१९०५ सालीं नॉर्वे स्वीडनपासून विभक्त झाला. या स्वातंत्र्याच्या कामीं नान्सेननें मुत्सद्देगिरी केली, आणि १९०६ ते १९०८ पर्यंत लंडनमध्यें आपल्या देशाचा वकील म्हणून तो राहिला. याच काळांत त्याची पत्नी इव्हा, जी उत्तम गायिका होती, ती वारली. १९१३ सालीं त्यानें सायबीरियाचा लांबचा प्रवास केला. त्या प्रवासाच्या मुळाशीं एक व्यापारी मंडळी होती. सायबीरियाच्या नद्यांतून युरोपशीं जलमार्गानें व्यापार होईल कीं नाहीं हें तिला पाहावयाचें होतें. रशियाच्या अफाट जमिनीविषयीं व तेथील लोकांविषयीं नान्सेनच्या मनांत जो जिव्हाळा उत्पन्न झाला तो तेव्हांपासून. म्हणजे जिव्हाळ्याचा उगमसुद्धां अगदीं सोंवळा नव्हता, हें लक्षांत ठेवावें.

पहिल्या महायुद्धांत नॉर्वे तटस्थ होता. पण त्याचें पोट परक्या धान्यावर. अमेरिका युद्धांत उतरल्यावर तिनें निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हां धान्य मिळविण्यासाठीं नान्सेनला वॉशिंग्टनला पाठविण्यांत आलें. तेथें महिनोन् महिने घासाघीस झाली, आणि १९१८ सालीं करार ठरला. एक पोतें गहूं आगबोटींत चढण्यापूर्वीं त्यावर किती शर्तींचे शिक्के बसतात, हें त्यानें तेथें स्वतः पाहिलें. तेथें तो मागणारा होता. पुढें दुसऱ्यांसाठीं मागावयाचें त्याच्या नशिबीं होतें.

युद्ध संपलें तरी लक्षावधि कैदी परक्या मुलखांत अडकून पडले होते: जर्मन, ऑस्ट्रियन व हंगेरियन शिपाई रशियांत, रशियन शिपाई मध्य युरोपांत. १९२० सालीं नव्यानें स्थापन झालेल्या राष्ट्रसंघानें हें काम नान्सेनवर सोंपविलें. रशियाच्या सोव्हिएत सरकारशीं बोलणें म्हणजे विटाळ, असें युरोपांतल्या बहुतेक राजधान्यांस वाटे. आणि सोव्हिएत सरकारही राष्ट्रसंघाला मानावयास तयार नव्हतें. पण नान्सेन या माणसाशीं बोलावयास त्याची हरकत नव्हती. १९२२ पर्यंत ४ लक्ष २७ हजारांवर कैदी घरीं पोंचले. खर्च थोडा आला, आणि कोणत्याही राष्ट्राला कांहीं गमवावें लागलें नाहीं. सर्वांचीं माणसें परत येत होतीं, म्हणून सर्वांनीं हात लावला. त्याच राष्ट्रांचें दुसरें रूप एका वर्षाच्या आंत दिसावयाचें होतें.

१९२१ च्या उन्हाळ्यांत व्होल्गा नदीच्या दोन्ही तीरांवर भयंकर दुष्काळ पडला. निसर्गाचा दोष होताच. लागोपाठ अवर्षण झालें होतें. परंतु महायुद्ध, त्यानंतरचें यादवी युद्ध, आणि शेतकऱ्यांच्या कोठारांतून बियाण्यासकट धान्य उचलून नेणारें सरकारी धोरण, यांनीं पाया आधींच पोखरला होता. सामारा, साराटोव्ह, कझान या प्रांतांतून लोक गवत, झाडाची साल आणि माती खाऊं लागले. पुढील वर्षभरांत सुमारें ५० लक्ष माणसें मेलीं असावीं असा अंदाज आहे. जुलैंत मॅक्झिम गॉर्की या ग्रंथकारानें जगाकडे मदतीची याचना केली, आणि ऑगस्टांत रेड क्रॉस संस्थांच्या जिनीव्हा येथील परिषदेनें मदतकार्याचा मुख्य म्हणून नान्सेनला नेमलें. मॉस्कोस जाऊन त्यानें परराष्ट्रमंत्री चिचेरीन याच्याशीं करार केला. आतां पैसा हवा होता.

सप्टेंबर १९२१ मध्यें तो राष्ट्रसंघाच्या सभेपुढें उभा राहिला. त्यानें ५० लक्ष पौंड मागितले, आणि तेही कर्जाऊ. एका लढाऊ जहाजाला जो खर्च येतो त्याच्या निम्म्यानेंच हें काम होईल, असा हिशेब त्यानें मांडला. अमेरिकेंत मका सडतो आहे, आर्जेंटिनांत तो जळणासारखा जाळला जातो आहे, बंदरांत आगबोटी रिकाम्या उभ्या आहेत, आणि मधल्या भूमीवर दोन ते तीन कोटी माणसांच्या प्राणांवर बेतलें आहे, हें त्यानें सांगितलें. व्होल्गा गोठली कीं मार्ग बंद होतील, म्हणून सर्वांत मोठी टंचाई वेळेची आहे, हेंही सांगितलें. केवळ दयेची भीक त्यानें घातली नाहीं. रशिया हा युरोपचा जुना धान्यपुरवठादार व मोठें गिऱ्हाईक आहे. तो मेला तर तुमचे कारखानेही बसतील, हा व्यापाराचा मुद्दाही त्यानें पुढें केला. बर्फाच्या ओघावर जहाज सोडणाऱ्या या माणसानें राष्ट्रांच्या स्वार्थाच्या ओघावरही आपली नौका सोडून पाहिली.

ती तेथें तरंगली नाहीं. नव्या सरकारनें झारच्या वेळचीं कर्जें नाकारलीं होतीं, त्यामुळें सावकार राष्ट्रांच्या मनांत राग होता. धान्य लाल सैन्याच्या पोटांत जाईल अशी शंका होती. दुष्काळानेंच हें सरकार कोसळेल अशी आशाही कित्येकांना होती. ती फारसे कोणी बोलून दाखवीत नसत इतकेंच. तथापि एका देशाच्या प्रतिनिधीनें उघडच सांगून टाकलें कीं या सरकारला हातभार लागण्यापेक्षां रशियन जनता मेलेली आपणांस पत्करेल. पुढच्याच महिन्यांत ब्रसेल्स येथें परिषद भरली, आणि जुनीं कर्जें मान्य केल्याशिवाय पत मिळणार नाहीं असें तिनें ठरविलें. भुकेल्या मुलानें आधीं आजोबाच्या खतावर सही करावी, मग त्याला भाकरी द्यावी, असा हा न्याय! उंटावरून शेळ्या हांकणें कशाला म्हणतात तें या सभांचे वृत्तांत वाचून कळतें.

नान्सेन खचला नाहीं. नोव्हेंबर व डिसेंबरांत तो स्वतः व्होल्गाकांठीं हिंडला, छायाचित्रें घेतलीं, आणि मग शहरोशहरीं जादूच्या कंदिलानें तीं पडद्यावर दाखवून लोकांपुढें व्याख्यानें दिलीं. जें सरकारांनीं नाकारलें तें सामान्य माणसांनीं थोडेंफार दिलें. इंग्लंडांतील सेव्ह द चिल्ड्रेन फंडानें साराटोव्ह प्रांतांत मुलांसाठीं अन्नछत्रें उघडलीं. क्वेकर पंथाचे लोक सामाऱ्याकडील बुझुलुक भागांत काम करीत होते. कर्जवसुलीचा प्रश्न या मंडळींपुढें नव्हताच. पण दांत कोरून पोट भरत नाहीं, आणि येथें तर कोट्यवधि पोटें होतीं.

तीं पोटें मुख्यतः कोणीं भरलीं हें न्यायानें सांगितलें पाहिजे: अमेरिकेनें. हर्बर्ट हूव्हर, जो पुढें त्या देशाचा अध्यक्ष झाला, त्याच्या अमेरिकन रिलीफ ॲडमिनिस्ट्रेशन या संस्थेनें रिगा येथें सोव्हिएत सरकारशीं स्वतंत्र करार केला होता. रशियाच्या तुरुंगांतील अमेरिकन माणसें आधीं सोडा, आणि वांटपाची व्यवस्था आमच्याच हातीं राहील हें मान्य करा, या त्याच्या अटी. नान्सेनच्या करारांत सोव्हिएत अधिकाऱ्यांना वांटपांत मोठा वांटा होता, म्हणून तो बोल्शेव्हिकांच्या हातचें बाहुलें झाला अशी टीका झाली. त्या टीकेंत तथ्य नव्हतें असें नाहीं. हूव्हरचा करार अधिक पक्का होता. डिसेंबर १९२१ मध्यें अमेरिकन काँग्रेसनें दोन कोटी डॉलर मंजूर केले, आणि १९२२ च्या ऑगस्टांत ही संस्था दररोज एक कोटीहून अधिक माणसांना जेवूं घालीत होती. मानवजातीच्या इतिहासांत असें दुसरें अन्नछत्र तोंपर्यंत झालें नव्हतें.

आतां या दानाची दुसरी बाजू. अमेरिकेंत त्या वर्षीं मक्याचे भाव इतके कोसळले होते कीं कांहीं शेतकरी तो चुलींत घालीत. मंजूर झालेल्या पैशांतून धान्य अमेरिकेंतच खरेदी करावयाचें होतें, आणि भावांना आधार मिळेल हा मुद्दा काँग्रेसमधील वादांत मोकळेपणानें मांडला गेला. साम्यवाद हा भुकेंतून जन्मतो, तेव्हां तो अन्नानेंच हटवावा, असें हूव्हरचें मत होतें. म्हणजे आवळा होता आणि कोहळाही होता. सामाऱ्याच्या मुलाला मात्र मक्याची लापशी मिळाली, आणि तें जगलें.

मग हेतूची चौकशी निरर्थक म्हणावयाची काय? तसेंही नाहीं. हेतूवर तारीख अवलंबून असते. नान्सेननें मागितलें सप्टेंबरांत. अमेरिकन मका खेडोपाडीं पोंचला तो वसंत ऋतूंत. मधल्या हिंवाळ्यांत जे मेले त्यांना तें वरातीमागून आलेलें घोडें होतें. हेतूवर मदतीचा शेवटही अवलंबून असतो. १९२२ च्या शरदांत सोव्हिएत सरकारनें, मदत घेत असतांनाच, यंत्रांसाठीं पैसा हवा म्हणून धान्याची निर्यात सुरू केली. देणाऱ्यांचीं मनें विटलीं, वर्गण्या आटल्या, आणि १९२३ च्या उन्हाळ्यांत अमेरिकन मंडळी परत गेली. आपल्याच प्रजेच्या भुकेवर पाय देऊन धान्य बाहेर धाडण्याचा हा प्रकार रशियाचाच होता असें मात्र कोणीं समजूं नये. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत हिंदुस्थानच्या बंदरांतूनही धान्य परदेशीं जातच होतें.

अमेरिकेचा मका महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. १९०० सालीं, छपन्याच्या दुष्काळांत, क्विटो नांवाच्या आगबोटींतून तेथील ख्रिस्ती वाचकांनीं वर्गणीनें जमविलेला दोन लक्ष बुशेल मका मुंबईस आला व मिशनरी मंडळींच्या कमिटीमार्फत वांटला गेला. त्या दुष्काळांत अनाथालयांत वाढलेलीं मुलें पुढें आपल्या समाजांत आजे व पणजे झालीं. त्या भाकरीमागें धर्मप्रसाराचा हेतु होता असा आक्षेप तेव्हां घेतला गेला. तो सर्वस्वीं खोटा होता असें कोणाही प्रामाणिक ख्रिस्ती माणसास म्हणतां येणार नाहीं. आणि ती भाकर नसती तर आक्षेपाचें उत्तर देण्यास ते आजेही उरले नसते, हेंही तितकेंच खरें.

१९२२ सालचें शांततेचें नोबेल पारितोषिक नान्सेनला मिळालें. त्यानें तें सारें मदतकार्यांत घातलें. रशियांत दोन आदर्श शेतें काढण्यासाठीं आणि ग्रीक निर्वासितांसाठीं. एका डॅनिश प्रकाशकानें हें ऐकून तेवढीच रक्कम आपल्या पदरची दिली. नान्सेनच्या हाताखालच्या मंडळींचीं पुढचीं चरित्रें पाहिलीं तर मनुष्यस्वभावाचें नवल वाटतें. इंग्लंडच्या फिलिप नोएल-बेकरला १९५९ सालीं तेंच पारितोषिक मिळालें. युक्रेनमध्यें दुष्काळपीडितांसाठीं मन लावून राबलेला क्विस्लिंग हा नॉर्वेचा तरुण अधिकारी मात्र १९४० नंतर हिटलरच्या बाजूस गेला, आणि १९४५ सालीं देशद्रोही म्हणून त्याला गोळ्या घालण्यांत आल्या.

तुर्कस्तान व ग्रीस यांच्या युद्धानंतर दहा लक्षांहून अधिक निर्वासित ग्रीसमध्यें लोटले. त्यांच्या वसाहतीसाठीं राष्ट्रसंघाच्या आश्रयानें १९२४ सालीं कर्ज उभारण्यांत आलें, तें सात टक्के व्याजाचें. ग्रीसजवळ तारण ठेवावयास महसूल होता. आर्मेनियन लोकांजवळ तें नव्हतें. युद्धकाळांत बड्या राष्ट्रांनीं त्यांना वचनें दिलीं होतीं. लक्षावधि आर्मेनियन कत्तलींत मेले, उरलेले देशोधडीस लागले. १९२५ सालीं नान्सेन सोव्हिएत आर्मेनियांत जाऊन आला, ओसाड जमिनीला पाणी देऊन तेथें निर्वासित वसविण्याची योजना त्यानें आंखली, आणि वर्षामागून वर्षें तो ती राष्ट्रसंघापुढें मांडीत राहिला. सहानुभूतीचे ठराव झाले; पैसा मिळाला नाहीं. त्याच्या आयुष्यांतील ही सर्वांत कडू निराशा असावी. जेथें देणाऱ्याचा कसलाच लाभ नसतो तेथें किती मिळतें, याचें इतकें उघडें उदाहरण दुसरें क्वचितच सांपडेल.

ज्यांचें राष्ट्रीयत्वच गेलें होतें अशा रशियन निर्वासितांसाठीं १९२२ सालीं त्यानें एक ओळखपत्र सुरू केलें होतें. तें नान्सेन पासपोर्ट या नांवानें प्रसिद्ध झालें व पन्नासांवर देशांनीं तें मानलें. संगीतकार स्ट्राव्हिन्स्की आणि चित्रकार शागाल यांच्यापाशीं तेंच होतें. राष्ट्रांनीं हें पत्र लवकर कां स्वीकारलें? कारण त्यांत त्यांचा खर्च नव्हता, आणि सरहद्दीवर कोण येतें जातें याची नोंद राहत होती.

१३ मे १९३० रोजीं लिसाकर येथील आपल्या घरीं नान्सेननें देह ठेवला. नॉर्वेच्या राष्ट्रीय दिवशीं, १७ मे रोजीं, त्याचा अंत्यविधि झाला. त्याच्या नांवानें पुढें चाललेल्या निर्वासित कचेरीला १९३८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या कचेरीचा कारकुनी खर्च राष्ट्रसंघ देई. प्रत्यक्ष मदतीसाठीं मात्र तो पैसा वापरावयाचा नाहीं असा नियम होता. म्हणून निर्वासितांच्या पासपोर्टावर दरसाल पांच सुवर्ण फ्रँकांचें एक तिकीट लावण्याची पद्धत पडली होती, आणि ज्यांना तें घेणें परवडे त्यांच्या पैशांतून ज्यांना परवडत नसे त्यांना मदत होई. त्या तिकिटावर नान्सेनचें चित्र छापलेलें असे.